पोरगा विंगर आहे, आता पुढं काय? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळे प्रश्न नाशिकमधल्या पालकांनी आणि पोरांनी विचारलेले आहेत, कोणी मैदानावर, कोणी फोनवर, बहुतेकांनी रात्री अकरानंतर व्हॉट्सॲपवर. विंगरबद्दलच जास्त येतात कारण शाळेत जो पोरगा सगळ्यात जोरात पळतो त्याला सर विंगवर टाकतात, आंतरशालेय मॅचमध्ये तो चार-पाच गोल मारतो आणि मग घरात करिअरची चर्चा सुरू होते. सोपे प्रश्न वर आहेत, कटकटीचे खाली. एकाच गोष्टीबद्दल दोनदा लिहिलेलं नाही, जिथं गरज आहे तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. विंगर आणि स्ट्रायकर एकच ना? दोघंही गोलच मारतात.

नाही. स्ट्रायकर मधे, गोलसमोर. विंगर कडेला, लाईनजवळ. त्याचं काम म्हणजे समोरच्या फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) एकास एक हरवायचं, डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनात, बॉल टाकायचा (याला क्रॉस म्हणतात) किंवा स्वतः आत शिरून मारायचं, आणि बॉल गेला की तेवढ्याच जोरात मागं यायचं. ते शेवटचं कोणी रीलमध्ये टाकत नाही म्हणून पोरांना माहीतच नसतं.

२. माझा मुलगा उजव्या पायाचा आहे पण सर त्याला डावीकडे खेळवतात. सरांचं चुकतंय का?

चुकत नाहीये, आजकाल असंच चालतं. उजव्या पायाचा पोरगा डावीकडून आत वळला की बॉल त्याच्या चांगल्या पायावर येतो आणि थेट गोलवर मारता येतं. हॉलंडचा आर्येन रॉबेन डाव्या पायाचा, आख्खं करिअर उजवीकडून आत कट मारून काढलं, सगळ्या जगाला माहीत होतं तो काय करणार तरी अडवता येत नव्हतं. पण तुमचा मुलगा रॉबेन नाही हे धरून चला आणि दुसऱ्या पायानं निदान साधा क्रॉस तरी टाकता यायला पाहिजे, नाहीतर चांगला फुलबॅक फक्त आतली बाजू बंद करतो आणि पोरगा लाईनवर अडकतो. भिंतीवर दुसऱ्या पायानं पासिंग करणं कंटाळवाणं आहे, फुकट आहे, रोज करा.

३. दादा मी १५ चा आहे. लमीन यमालनं १६ व्या वर्षी युरो कप गाजवला. मला उशीर झाला का?

यमालशी तुलना करत बसलास तर जगातले जवळपास सगळेच विंगर उशिरा आलेत. तो १५ चा असताना बार्सिलोनाकडून खेळला आणि युरो २०२४ मध्ये १६ व्या वर्षी फ्रान्सला गोल मारला, पण तो लहानपणापासून त्यांच्याच अकॅडमीत होता. त्यापेक्षा रियाद महरेज बघ. तो १९ चा असताना फ्रान्समधल्या खालच्या डिव्हिजनमध्ये होता, २०१४ च्या जानेवारीत लेस्टरनं घेतला तेव्हा इंग्लंडमध्ये त्याचं नाव कोणाला माहीत नव्हतं, आणि दोन वर्षांनी लेस्टर प्रीमियर लीग जिंकली त्या सीझनचा तो खेळाडूंनी निवडलेला सर्वोत्तम खेळाडू होता. १५ ला उशीर झालेला नाही. पण १५ ला अजून फक्त पाच-पाचच्या मॅचेसच खेळत असशील तर प्रश्न ५ वाच.

४. नाशिकमध्ये सुरुवात करायची तर नेमकी कुठून?

शाळेपासून. सुब्रतो कप नावाची शाळांची स्पर्धा १९६० पासून चालू आहे, मुलांचे १५ आणि १७ वर्षांखालचे गट असतात, मुलींसाठीही १७ खालचा गट आहे. आपल्याकडे ती जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होते, आधी जिल्हा मग विभाग मग राज्य. तुमच्या शाळेची टीम नावनोंदणीच करत नसेल तर आधी तिथं भांडा, पालक मीटिंगमध्ये फक्त फीबद्दल बोलू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे क्लब. क्लब जिल्हा संघटनेशी आणि तिथून विफाशी, म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी जोडलेला आहे का ते विचारा. जोडलेला असेल तर पोराचं रजिस्ट्रेशन अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस सिस्टिममध्ये होतं आणि त्याला एक आयडी मिळतो. हा आयडी पुढं सगळीकडे लागतो (प्रश्न १८ बघा, तिथं तर पैशाचाच विषय आहे).

मैदानांचं म्हणाल तर आपल्याकडे फुलसाइज ग्राउंडची बोंबच आहे. गोल्फ क्लब मैदान क्रिकेटचंच, पंचवटीतलं विभागीय क्रीडा संकुल, भोसलाचं मैदान, देवळालीकडच्या जुन्या शाळांची ग्राउंडं, जिथं जागा आणि परवानगी मिळेल तिथं पोराला आठवड्यातून निदान दोनदा मोठ्या मैदानावर पळू द्या.

५. रोज रात्री गंगापूर रोडला टर्फवर खेळतो, तेवढं पुरे ना?

नाही. आणि विंगरसाठी तर अजिबात नाही.

टर्फचा, म्हणजे जाळीतल्या छोट्या कृत्रिम गवताच्या मैदानाचा फायदा आहे, पाय पटपट हलतात, अडचणीतून निघायची सवय लागते. पण विंगरचं खरं काम तिथं शिकायलाच मिळत नाही. फुलसाइज ग्राउंड साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ रुंद असतं, टर्फवर तुम्ही हाफवे लाईनवरून निघालात तर चार ढांगात जाळी. आऊट नाही कारण बॉल जाळीला लागून परत येतो, त्यामुळे लाईनची भीती नाही, क्रॉस टाकायची गरज नाही, ऑफसाइड नाही, मागं पळायचं तर दहा पावलं. असा पोरगा पहिल्यांदा मोठ्या मैदानावर आला की फुलबॅकला मस्त कट मारतो (चकवतो) आणि मग समोर मोकळं मैदान बघून बॉल लाईनबाहेर घालवतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता पोरगा कुठं खेळून आलाय ते पहिल्या रनवरच कळतं.

बुटांचं पण लक्षात ठेवा. मातीच्या किंवा गवताच्या मैदानाचे लांब स्टड टर्फवर घालू नका, पाय अडकतो आणि गुडघा वळतो. टर्फसाठी छोट्या बारीक स्टडचे वेगळे बूट मिळतात.

६. स्पीड भरपूर आहे, शाळेत कोणी पकडू शकत नाही. बाकी काय लागतं?

शाळेत कोणी पकडू शकत नाही कारण शाळेतले फुलबॅक पण असेच आहेत, ज्याला दुसरीकडे जागा नाही तो फुलबॅक. १७-१८ नंतर समोरचा पण तेवढाच पळतो.

मग फरक पडतो तो शेवटच्या दोन टचमध्ये. समजा बॉल घेऊन पोरगा गोललाईनपर्यंत पोचला, फुलबॅक दीड हात मागं आहे, आतून सेंटर बॅक (मधला डिफेंडर) येतोय. आपल्याकडे दहातली नऊ पोरं इथं मान खाली घालून जोरात मारतात आणि बॉल पहिल्या डिफेंडरच्या नडगीवर. जो चांगला आहे तो शेवटून दुसऱ्या टचला मान वर करतो, कोण कुठं पळतंय ते बघून घेतो, मग शेवटचा टच. बहुतेक वेळा बरोबर बॉल असतो तो जमिनीवरून मागं, पेनल्टी स्पॉटच्या आसपास, कारण सगळे डिफेंडर स्वतःच्या गोलकडे तोंड करून पळत असतात आणि मागून येणाऱ्याला कोणी धरलेलं नसतं. जवळच्या पोस्टवर, लांबच्या पोस्टवर आणि मागं असे तीन कोन ठेवून रोज याचीच प्रॅक्टिस करा, आणि दमल्यावर करा. ताज्या पायांनी सगळ्यांनाच जमतं.

बॉल घेताना शरीर उघडं ठेवणं ही दुसरी गोष्ट, म्हणजे पाठ लाईनकडे, सगळं मैदान डोळ्यासमोर. बॉल लांबच्या पायावर घ्यायचा. आणि थ्रो-इनवर थेट ऑफसाइड नसतो हे विंगरलाच माहीत नसतं, फुकटचा रन सोडून देतात.

७. ट्रायलला काय बघतात? १५ मिनिटात काय दाखवणार?

बॉल पायाशी नसताना काय करतोस ते बघतात. ट्रायलमध्ये सगळे अनोळखी, प्रत्येकाला वाटतं बॉल मिळाला की तिघांना कट मारावं, त्यामुळे पास कोणी देतच नाही. अशा मॅचमध्ये जो विंगर बॉल गेल्यावर तीस मीटर मागं पळून स्वतःच्या फुलबॅकला मदत करतो तो लगेच डोळ्यात भरतो. पहिले दोन-तीन बॉल साधे खेळ, एका टचमध्ये परत दे, मग कट मार.

मुंबई-नवी मुंबईच्या ट्रायलसाठी नाशिकचा नेहमीचा घोळ म्हणजे रिपोर्टिंग सकाळी सात-आठचं आणि पोरगं निघतं सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं, ती दादरला पोचेपर्यंत तिकडं पहिली बॅच संपलेली असते. आदल्या दिवशी जा, कल्याण-ठाण्याला नातेवाईक असतातच. आणि वडापाव खाऊन लगेच पळायला उतरू नको.

८. एका ॲकॅडमीनं मेसेज पाठवलाय, युरोपच्या क्लबची ट्रायल नाशिकमध्ये, रजिस्ट्रेशन फी भरा. खरं असतं का?

काही खरं असतात, बरेच धंदा असतात. ज्या मेसेजमध्ये परदेशी क्लबचा लोगो मोठा आणि आयोजकाचं नाव बारीक, तिथं सावध. त्या परदेशी क्लबच्या स्वतःच्या साइटवर या कार्यक्रमाचा उल्लेख आहे का ते बघा. महासंघ ॲकॅडमींना स्टार रेटिंग देतो, त्यात नाव आहे का बघा, विफाला ईमेल करून विचारा. "सिलेक्ट झाल्यावर" पुढच्या राउंडसाठी मोठी रक्कम मागत असतील तर तिथंच थांबा, कारण तिथं सगळेच सिलेक्ट होतात.

पोराला खरंच घडवायचं म्हणणारे उलट स्वतः खर्च करतात. नवी मुंबईतली रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्स ही निवासी ॲकॅडमी स्कॉलरशिपवर चालते, जमशेदपूरची टाटा फुटबॉल ॲकॅडमी १९८७ पासून आहे, राज्य सरकारची क्रीडा प्रबोधिनी पुण्यात बालेवाडीला आहे. तिथं शिरणं अवघड आहे हे खरं, आणि बहुतेक निवड लहान वयातच होते.

९. हाडाची टेस्ट म्हणजे काय? पोरगा उंच आहे, उगाच वय जास्त दाखवेल का?

वयोगटाच्या स्पर्धांमध्ये डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून टीडब्ल्यू-३ पद्धतीनं हाडांचं वय काढतात. हाडांचं वय आणि कागदावरचं वय यात थोडाफार फरक असतोच, पोरगा लवकर वाढीला लागला असेल तर जास्त दाखवू शकतं, आणि मग तो त्या गटातून बाहेर जातो, खोटेपणा केलेला नसला तरी. त्रासदायक आहे पण बाहेर गेला म्हणजे संपलं असं नाही, वरच्या गटात खेळवा. लवकर वाढलेल्या पोराला तसंही त्याच्या वयात सगळं सोपं जातं आणि तो फक्त ढकलून पुढं जायला शिकतो.

जन्मदाखला उशिरा काढलेला असेल तर प्रश्न विचारतातच. आधार, शाळेचा दाखला, जन्मदाखला तिन्हीवर नाव आणि तारीख एकसारखी करून ठेवा, वडिलांच्या नावाचं स्पेलिंगसुद्धा. हे काम दहावीच्या आधी.

१०. क्लब त्याला येण्याजाण्याचे पैसे आणि बूट देतो. म्हणजे तो प्रोफेशनल झाला का?

नाही. फिफाच्या नियमात प्रोफेशनल म्हणजे ज्याचा क्लबशी लेखी करार आहे आणि ज्याला खेळासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात तो. दोन्ही गोष्टी पाहिजेत. प्रवासखर्च, बूट, जेवण हे खर्चात धरतात. उलट सुद्धा लक्षात घ्या, महिन्याला ठरलेली रक्कम हातात येतेय पण कागद काहीच नाही, तर अडचण आली की तुमच्या हातात काही नाही.

११. पोरगा १७ चा आहे, क्लब पाच वर्षांचा करार देतोय. चांगलंच ना, पाच वर्ष चिंता नाही?

फिफाच्या नियमाप्रमाणे १८ खालच्या खेळाडूचा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो, पुढच्या वर्षांचं कलम ग्राह्य धरत नाहीत. १८ नंतर कमाल पाच वर्षं. शिवाय आपल्याकडे १८ खालच्या मुलानं एकट्यानं केलेला करार कायद्यानं टिकत नाही, पालकांची सही लागते, त्यामुळे "तू फक्त इथं सही कर, पप्पांना नंतर सांगू" असं कोणी म्हणालं तर पेन खाली ठेव.

अजून एक कलम बघा, "मेडिकल पास झाल्यास करार लागू". फिफाच्या नियमात कराराची वैधता मेडिकलवर अवलंबून ठेवता येत नाही, मेडिकल करायचं तर सहीच्या आधी. आणि कराराची कॉपी घरी पाहिजे, मोबाईलवरचा फोटो नाही.

१२. मोठ्या क्लबच्या ज्युनिअर टीममध्ये जाऊ की छोट्या क्लबच्या पहिल्या टीममध्ये?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि माझं मत पक्कं आहे. जिथं मिनिटं जास्त तिथं जा. नव्वद मिनिटांतली खरी मिनिटं, मोठ्या माणसांविरुद्ध.

विंगर हा खेळूनच बनतो. समोरचा फुलबॅक आत ढकलतोय की बाहेर, दुसऱ्या हाफमध्ये तो दमला की नाही, आत्ता कट मारायचा की बॉल परत द्यायचा, हे ट्रेनिंगमध्ये अर्धंच कळतं. आणि मोठ्या क्लबचा ट्रॅकसूट घालून बेंचवर बसलेल्या पोराचे फोटो छान येतात पण वर्ष जातं.

ललियनझुआला छांगतेचं उदाहरण घ्या. मिझोरमचा पोरगा, पुण्यात डीएसके शिवाजियन्सकडे आला. २०१५ च्या डिसेंबरमध्ये सॅफ (दक्षिण आशियाई देशांच्या) स्पर्धेत नेपाळविरुद्ध भारताकडून दोन गोल, तेव्हा वय १८. सगळे म्हणाले आला नवा हिरो. त्यानंतर नॉर्थईस्ट युनायटेड, मग दिल्ली डायनामोज, मग चेन्नईयिन, तिथं एक सीझन भारी गेला आणि पुढं गाडी अडखळली. जानेवारी २०२२ मध्ये मुंबई सिटीला आला आणि २०२२-२३ ला आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली वरची लीग) दहा गोल, गोल्डन बॉल म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, महासंघाचा त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू, पुढच्या वर्षी परत तोच. म्हणजे १८ व्या वर्षी नाव झालं आणि खरा खेळाडू २५ व्या वर्षी दिसला, मधली सात वर्षं तो क्लब बदलत होता पण खेळत होता. आणि ज्या डीएसके शिवाजियन्समधून तो आला तो क्लब केव्हाच बंद पडला, म्हणजे क्लबच्या नावावर तर अजिबात जाऊ नका, पुण्यानं पुणे एफसी, डीएसके आणि एफसी पुणे सिटी असे सगळे बंद झालेले बघितलेत.

बिपिन सिंगचं पण तसंच, शिलाँग लाजाँग, एटीके करत २०१८ ला मुंबई सिटीला आला आणि २०२०-२१ च्या फायनलमध्ये ९० व्या मिनिटाला विजयी गोल त्याचा.

आपल्या महाराष्ट्रातला म्हणाल तर कोल्हापूरचा अनिकेत जाधव, २०१७ चा १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, २०१९ ला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे ट्रेनिंगला जाऊन आला. परत आल्यावर जागा मिळवायची लढाई तीच, क्लब बदलत बदलतच.

अपवाद एकच. मोठ्या क्लबची ज्युनिअर टीम नियमित लीग खेळत असेल, उदाहरणार्थ रिलायन्स फाउंडेशन डेव्हलपमेंट लीग, आणि कोच स्पष्ट सांगत असेल की तू सुरुवातीच्या अकरात आहेस, तर जा. "बघू, चान्स देऊ" याला उत्तर समजू नका.

१३. भारतात स्ट्रायकरपेक्षा विंगरला जास्त संधी असते असं ऐकलं, खरं का?

बऱ्यापैकी खरं. २०२१-२२ पासून आयएसएलमध्ये एकावेळी मैदानावर चारच परदेशी खेळाडू ठेवता येतात. क्लब ते चार कुठं वापरतात? स्ट्रायकर, मधला प्लेमेकर, सेंटर बॅक. विंग आणि फुलबॅक बहुतेक भारतीयांकडे उरतात. म्हणूनच छांगते, बिपिन, लिस्टन कोलासो, उदांता अशी आपली बरीच मोठी नावं कडेचीच आहेत. पण त्यामुळे त्या जागेसाठी गर्दीही तिथंच.

१४. पगार किती असतो? आणि थकला तर?

आकडा सांगत नाही, क्लब, लीग आणि पोराप्रमाणे जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि जो आकडा सांगेन तो उद्या गल्लीभर फिरेल. इतकंच, की वरच्या लीगमध्ये चांगलं आहे आणि खाली उतरलं की वेगानं कमी होतं, आणि बहुतेक पोरं खालीच असतात.

थकण्याबद्दल मात्र नियम माहीत पाहिजे. फिफाच्या नियमाप्रमाणे दोन महिन्यांचा पगार बेकायदेशीरपणे थकवला तर खेळाडू क्लबला लेखी नोटीस देऊन निदान १५ दिवसांची मुदत देतो, तरीही दिले नाहीत तर करार मोडायला ते योग्य कारण धरलं जातं. लेखी, ईमेलवर, तारखेसह. मॅनेजरला फोन करून चिडणं ही नोटीस नाही. आणि मुदत संपायच्या आत कॅम्प सोडून घरी निघून येऊ नका, मग चूक तुमची ठरते.

जुलै २०२५ मध्ये आयएसएलच होल्डवर गेली, महासंघ आणि लीग चालवणाऱ्या कंपनीमधला करार संपत आला होता आणि पुढचं ठरत नव्हतं, काही क्लबांनी कामकाज आणि पगार थांबवले. वरच्या लीगची ही अवस्था होऊ शकते, म्हणून प्रश्न १५.

१५. दहावी-बारावीचं काय करायचं? आणि फुटबॉल नाही जमलं तर?

दहावी सोडू नका. राज्य मंडळ खेळाडूंना दहावी-बारावीला सवलतीचे गुण देतं, त्यासाठी स्पर्धेची सर्टिफिकेट आणि वेळेत केलेला प्रस्ताव लागतो, शाळेच्या मागं लागा. पुढं कॉलेजला हजेरी जमत नसेल तर मुक्त विद्यापीठ आपल्या नाशिकमध्येच आहे, बाहेरगावची पोरं त्याचा फायदा घेतात आणि आपली पोरं बीकॉमला ॲडमिशन घेऊन हजेरीवरून भांडतात.

नोकरीचं म्हणाल तर महाराष्ट्र शासनाच्या भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, सैन्यदल, पोलीस यांच्या टीम आहेत. १९४१ पासूनची संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांची स्पर्धा, यात रेल्वे आणि सर्व्हिसेसच्या (सैन्यदलांच्या) टीम अजून ताकदवान असतात. फुटबॉलमधून नोकरी लागणं हे आयएसएल खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त पोरांच्या बाबतीत घडतं आणि त्यात कमीपणा काही नाही. सर्टिफिकेट प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा, पडताळणी होते.

१६. मांडीच्या मागं सारखं धरतं. पेनकिलर मारून खेळला तर चालेल का? आणि त्याला दम्याचा इन्हेलर आहे, डोपिंगमध्ये येईल का?

दोन प्रश्न आहेत. पहिला हॅमस्ट्रिंगचा. विंगरची ही ठरलेली दुखापत, कारण पूर्ण वेगातला स्प्रिंट आणि एकदम ब्रेक. पेनकिलरनं दुखणं कळत नाही, फाटणं थांबत नाही. एकदा धरलं की परत धरायची शक्यता वाढते, विशेषतः घाईनं परत आला तर. चालताना दुखत नाही म्हणजे बरा झाला असं नाही, आधी हळू धाव, मग अर्धा वेग, मग वळणं, मग पूर्ण स्प्रिंट, आणि तोही ट्रेनिंगमध्ये, मॅचमध्ये नाही. फिफा ११+ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे, त्यात नॉर्डिक हॅमस्ट्रिंगचा व्यायाम आहे (गुडघ्यावर बसायचं, जोडीदारानं घोटे धरायचे, हळूहळू पुढं झुकायचं). आपल्याकडे वॉर्मअप म्हणजे मैदानाला दोन राउंड आणि हात फिरवणं. १२-१४ च्या पोराला गुडघ्याच्या खाली हाडावर दुखत असेल तर तो वेगळा विषय, वाढीच्या वयात होतं, ऑर्थोपेडिक डॉक्टरला दाखवा.

दुसरा, इन्हेलर. सालब्युटामॉलचा पंप ठरलेल्या मर्यादेत चालतो, २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० च्या वर नाही. त्याच औषधाच्या गोळ्या किंवा सिरप मात्र बंदी यादीत येतात, आणि घरोघरी तेच देतात. सर्दीच्या औषधातल्या स्यूडोएफेड्रिनवर स्पर्धेच्या वेळी मर्यादा आहे. जिममधल्या दादानं दिलेली डब्यातली पावडर तर घेऊच नका, टेस्ट पॉझिटिव्ह आली की "मला माहीत नव्हतं" चालत नाही. डॉक्टरला पहिल्याच वाक्यात सांगा की हा स्पर्धेत खेळतो.

१७. एजंट म्हणतो १६ व्या वर्षी स्पेनच्या क्लबमध्ये टाकतो. होऊ शकतं का?

ट्रेनिंगला, फिरायला जाऊ शकतो. क्लबमध्ये रजिस्टर होऊन खेळायचं तर १८ खाली आंतरराष्ट्रीय ट्रान्सफरला, म्हणजे दुसऱ्या देशातल्या क्लबकडे जायला, फिफाची बंदी आहे. मोजकेच अपवाद आहेत, जसं की आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं, म्हणजे नोकरीसाठी वगैरे, त्या देशात राहायला गेले. युरोपातल्या युरोपात १६ ते १८ ची सवलत आहे, ती नाशिकच्या पोराला लागू नाही. "वडिलांना तिकडं नोकरी दाखवू" असं सुचवणारे पण भेटतात. बार्सिलोनासारख्या क्लबवर २०१४ मध्ये अल्पवयीन खेळाडूंच्या प्रकरणात ट्रान्सफरबंदी आली होती, फिफा हे बघते.

एजंटचं लायसन्स फिफाच्या साइटवर नाव टाकून बघता येतं. अल्पवयीन खेळाडूशी तो कधी बोलू शकतो यालाही मर्यादा आहे, पहिला प्रोफेशनल करार करता येईल त्याच्या आधीच्या सहा महिन्यांतच, आणि तेही पालकांच्या लेखी परवानगीनं. १३ वर्षांच्या पोराला इन्स्टावर मेसेज करणारा एजंट काय आहे ते तुमचं तुम्ही ठरवा.

१८. पोरगा उद्या मोठा झाला तर आमच्या नाशिकच्या क्लबला काही मिळेल का? आणि शाळेला?

क्लबला मिळू शकतं. खेळाडूची करार चालू असताना आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली तर नवा क्लब जुन्याला देतो त्या फीच्या पाच टक्के रक्कम त्याला १२ ते २३ या वयात घडवलेल्या क्लबांमध्ये वाटली जाते, १२ ते १५ च्या प्रत्येक सीझनला पाव टक्का, १६ ते २३ च्या प्रत्येक सीझनला अर्धा. शिवाय पहिला प्रोफेशनल करार झाला की ट्रेनिंग कॉम्पेन्सेशन नावाचा वेगळा हिशेब असतो. पण हे सगळं खेळाडूच्या पासपोर्टवर, म्हणजे १२ व्या वर्षापासून तो कुठं कुठं रजिस्टर होता त्या नोंदीवर अवलंबून आहे. पोरगा चार वर्ष तुमच्याकडे रोज सकाळी खेळला आणि तुम्ही त्याला कधी सिस्टिममध्ये टाकलंच नाही, तर कागदावर तो तुमचा नव्हताच.

शाळेची टीम संघटनेशी जोडलेली नसेल तर तिला काही मिळत नाही. काही शाळांनी त्यासाठी वेगळा क्लब नोंदवून घेतलाय. असा क्लब काढणार असाल तर पोरांचं रजिस्ट्रेशन सीझनच्या सुरुवातीलाच करा आणि पोरगा दुसऱ्या क्लबला जाताना एनओसी अडवून धरू नका, नोंद राहते, तेवढी पुरते.